घरची झीज

मला त्या माणसाचा राग आहे. तो माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं. पण माझा डावा गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही. सकाळी कॅलिपर चढवताना गुडघ्यावरची चामड्याची गादी आवळली की दोन माणसं हटकून आठवतात. एक माझी आई आणि दुसरे अण्णा. आईबद्दल बोलायला मला अजून नीट जमत नाही, म्हणून अण्णांबद्दल बोलते.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. बंगळूरात दर दुसऱ्या पुरुषाला अण्णा म्हणतात. खरं नाव त्यांच्या दुकानावरही नव्हतं, कारण दुकानावर पाटीच नव्हती. आमच्याकडे दंडू म्हणतात त्या कँटोन्मेंटच्या भागात एका जुन्या तबेल्यात त्यांचं काम चालायचं. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या अजून होत्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पलटणींबरोबर फिरत इथे आलेलं. घरात मराठी, पण ती इतक्या वर्षांच्या कन्नडमध्ये मुरलेली. अण्णा तरुणपणी घोडदळासाठी खोगिरं शिवत. मग घोडे गेले, मोटारी आल्या, आणि त्याच सुमारास पोलिओनं पाय गेलेली पोरं इस्पितळात दिसू लागली. अण्णांनी हत्यारं बदलली नाहीत. तीच आरी, तोच मेण लावलेला दोरा, तेच जाड तपकिरी कातडं. "चार पायांवरनं दीड पायावर आलो बघा," असं ते कुणालाही सांगायचे आणि समोरचा हसला की त्याच्यावर डोळे वटारायचे.

मी अडीच वर्षांची असताना मला ताप आला आणि तो उतरला तेव्हा डावा पाय गेला होता. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, राजाजीनगरात नुकतंच घर घेतलेलं. मी पाच वर्षांची झाल्यावर इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एका कागदावर आकृती काढून दिली. मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी कडी आणि खाली पट्ट्यांना जोडलेला बूट. कडी खाली पाडली की गुडघा ताठ राहतो आणि उभं राहता येतं, वर ओढली की बसता येतं. हे बनवणारा गावात एकच माणूस होता. दुसरा हवा तर मद्रास गाठायला हवं.

अण्णांनी डॉक्टरांचा कागद वाचला, घडी घातली आणि पाटाखाली सारला. "कागद डॉक्टरचा, पाय पोरीचा," म्हणाले आणि मला पुढ्यात उभं करून गाठी मारलेल्या सुतळीनं नवीन माप घेतलं. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या इंजिनिअर वडिलांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटलं ते मला अजून दिसतं. पण कॅलिपर आला तो पहिल्याच दिवशी असा बसला की वडील पुढे कधी टेपचं नाव काढायला गेले नाहीत.

दुकानाच्या दारात एक लांब बाकडं होतं. आत पोराचं माप चालू असताना आईबापांपैकी कुणाचे डोळे भरून आले की अण्णा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "रडायचं तिथं. हितं बेडा, हितं नको. पोराला कळतंय." आणि लोक मुकाट्यानं बाहेर जाऊन बाकड्यावर बसायचे. मी तिथे मोठमोठे साहेब डोळे पुसताना पाहिलेत. एका साहेबांनी मुलासाठी विलायतेहून कॅलिपर मागवला होता, पांढऱ्या धातूचा, हलका, चकचकीत. तो पायाला लागत होता म्हणून दुरुस्तीला आणला. अण्णांनी तो उचलून सगळीकडून न्याहाळला आणि म्हणाले, "काम चोख आहे. ह्याचा मालक कुठाय? हे त्याच्या पायाचं आहे, ह्या पोराच्या नाही." साहेब संतापले. अण्णा त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. मुलगा मात्र खुदकन हसला.

झाडून सगळी माणसं मला सांगायची, होशील हं लवकर बरी. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, घोड्याचा जटका हाकणारा, आणि देवाला गाऱ्हाणं घालणारी आई. सहा वर्षांची असताना मी अण्णांना विचारलं, "मी कधी बरी होणार?" ते दोरा ओढत होते. "व्हायची नाहीस," ते म्हणाले. "पण चालशील. त्याच्यासाठीच मी हितं बसलोय की." आई उठून बाकड्यावर गेली. मला मात्र त्या दिवशी कडकडून भूक लागली आणि परत येताना जटक्यात मी दोन केळी खाल्ली. एवढं मोठं ओझं उतरल्यावर माणसाला भूक लागते हे मला पुढे कळलं.

आणखी एक रीत होती त्यांची. नवीन कॅलिपर पुरा होत आला की एक टाका ठेवून द्यायचे आणि तो पोरानं स्वतः घालायचा. दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून. हात दुखायचे, सुई निसटायची. अण्णा मदत करायचे नाहीत. "तुझी वस्तू आहे, तुझा हात लागला पायजे." माझ्या प्रत्येक कॅलिपरवर एक वाकडा टाका असे आणि सगळ्यांना दाखवत मी शाळाभर हिंडे.

आता रागाचं सांगते.

दर सहा महिन्यांनी वाढत्या पायासाठी माप बदलायला जावं लागे. गेल्या गेल्या ते म्हणत, "बूट दाखव. पाय नंतर." बूट उलटा करून, उजेडात धरून ते तळ वाचायचे. हो, वाचायचेच. टाच कुठे झिजली, पंजा कुठे घासला, त्यावरून पोरगं जिन्यावर पाय ओढतं की नाही, एका अंगावर झुकतं की नाही, शाळेत धावायला बघतं की नाही, सगळं सांगायचे. त्यात ते कधी चुकले नाहीत. मी नऊ वर्षांची होते तेव्हा त्यांनी असाच माझा बूट धरला आणि उजेडात पुन्हा पुन्हा फिरवला.

"अक्का," ते आईला म्हणाले, "ही झीज शाळेची. जायची, यायची. घरची झीज कुठाय?"

आईला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "घरी काय करतीस?"

"घरी बूट काढून ठेवते," मी शहाण्या मुलीसारखं सांगितलं.

"मग चालतीस कशी?"

"सरकत."

त्यांनी माझे तळहात उलटे करून पाहिले. घट्टे होते. मग मला आतल्या बाकावर आडवं करून डावा गुडघा खाली दाबला. तो बाकाला टेकेना. मागे दोन बोटं आरामात जातील एवढी फट राहिली.

आईला खरंच कळत नव्हतं की तिचं काय चुकलं. आमच्या घरी पायातलं कुणीच आत आणत नव्हतं. वडिलांचे बूट, आईच्या वहाणा, माझा कॅलिपर, सगळं दाराबाहेरच्या लाकडी खणात. इतर वस्तूंसारखीच तीही एक चामड्याची वस्तू, बाहेरून आली की बाहेरच काढायची. आत देवघर होतं, स्वयंपाकाचं सोवळं होतं. शाळेतून आले की आई मला दारात बसवायची, पट्टे सोडायची, पाय पुसायची आणि आत न्यायची. कडेवर न्यायची, मी जड झाले तरी न्यायची. रोज सकाळी तासभर ती माझ्या पायाला तेल चोळायची. कुठल्या आईनं एवढं केलं असतं? आणि शाळेचे तास सोडले तर मी घरात मांडी घालून बसायची, गुडघा दुमडून. रोज सात-आठ तास. चार वर्षं.

अण्णा ओरडले. दुकानातली बाकीची पोरं दचकली इतके ओरडले. "घोड्याला असं बसवून ठेवलं असतं तर साहेबानं मला गोळी घातली असती, अक्का! पोरगी आहे म्हणून चालतंय होय? गुडघा आखडलाय. रात्रंदिवस नको, पण उठल्यापासनं झोपेपर्यंत हे पायात पायजे. घरात, न्हाणीत सोडून, सगळीकडं. गादी मी आवळून देतो. स्वल्प आखडलाय, सुटेल. अजून उशीर केलात तर नाही सुटणार."

आई गोरीमोरी झाली. पण ती बाकड्यावर गेली नाही. तिनं हळू आवाजात विचारलं, "घरात घालायला कापडी करून द्याल का? जाड कापडाचे पट्टे, आणि बुटाऐवजी लाकडी तळ. चामडं तेवढं नको. आमच्याकडे चालत नाही."

मी आज म्हातारी आहे, आणि सांगते की त्या प्रश्नात काही वावगं नव्हतं. आईच्या अकलेप्रमाणे तो रस्ता होता. आणि ते करता येत होतं. मागे रचलेल्या सामानात लष्कराच्या जाड कॅनव्हासचे पट्टे मला दिसत होते.

अण्णांनी हातातली आरी खाली ठेवली. "माझं कातडं चालत नाही तर माझं लोखंडबी चालायचं नाही," ते म्हणाले. "सरी, ठीकाय. जावा तुमी."

आम्ही परत आलो. गादी आवळायची राहिली ती राहिलीच.

मधे चार महिने गेले. या चार महिन्यांचाच सगळा प्रश्न आहे. आई म्हणे, त्या माणसाला समज नाही. वडील कारखान्यात केसाच्या जाडीएवढा फरक खपवून घेत नसत, पण घरात "तुम्ही दोघी बघा" म्हणून पेपर उघडत. मी शाळेत बूट घालून चाले, घरी सरके, आणि गुडघ्यामागची फट रोज बोटांनी मोजे. दोन बोटं. मग तीन. तिसरं बोट शिरलं त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाला काय फरक पडणार होता?

आणि एका शनिवारी अण्णा आमच्या घरी आले. सायकलवरून, तबेल्यापासून राजाजीनगरापर्यंत. आईचं भजनीमंडळ बसलं होतं, सात-आठ बायका, आणि देवघरासमोर मृदंग वाजवणारे एक गृहस्थ. आईनं त्यांना व्हरांड्यात बसवलं. कॉफी दिली, बाहेरच्या माणसांसाठी वेगळ्या ठेवलेल्या ग्लासातून. अण्णांनी ग्लासाकडे पाहिलं, कॉफी पिऊन ग्लास स्वतः विसळून पालथा घातला आणि दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेर. त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"अक्का," त्यांनी मृदंगाकडे बोट दाखवून विचारलं, "ते कुठल्या झाडाचं पान ताणलंय हो त्याच्यावर?"

भजन थांबलं. मला आतून इतका आनंद झाला की काय सांगू! माझ्या बाजूनं जगात कुणीतरी बोललं होतं. मृदंगवाल्या गृहस्थांनी हात मांडीवर ठेवले. आई लालबुंद.

तिथे ते थांबले असते तर आज मी वेगळं लिहिलं असतं. पण अण्णांना थांबता येत नव्हतं. मी दाराजवळच जमिनीवर बसले होते. ते खाली वाकले, उंबऱ्याबाहेरूनच हात लांबवून त्यांनी माझा पाय पुढे ओढला आणि फ्रॉक मांडीपर्यंत वर केला. "बघा," ते त्या बायकांना म्हणाले, "बघा सगळ्यांनी. हे ह्यांच्या सोवळ्यानं केलंय. चार महिन्यांमागं एवढा नव्हता."

सात-आठ बायकांनी माझा वाळक्या काठीसारखा पाय पाहिला. तोवर तो मी शाळेतसुद्धा कुणाला उघडा दिसू दिला नव्हता. एकजण "अगं आई गं" म्हणाली. मी पाय ओढून घ्यायला गेले, पण त्यांच्या हाताची पकड घोड्यांना धरून झालेली. मी त्यांच्या मनगटाला चावले. खरंच चावले. त्यांनी हात काढला, माझ्याकडे पाहिलं आणि तरीही आईकडे वळून पुढे बोलतच राहिले.

वाद जिंकायला त्यांनी माझा पाय वापरला. त्याआधी आईनं देवासाठी वापरला होता. दोघांनाही माझी माया होती, यात मला शंका नाही. पण पाय कुणाचा होता?

त्यानंतर आई हट्टाला पेटली. चारचौघांत असा अपमान झाल्यावर ती कशाला ऐकते! पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी गुडघा पाहिला आणि मला थेट प्लास्टरमध्ये घातलं. गुडघ्यामागे प्लास्टर कापायचं, पाय थोडा ताणायचा, फटीत लाकडाची पाचर बसवायची, पुन्हा प्लास्टर. आठवड्याला एक पाचर. पाचर बसायची त्या दिवशी मी उशी तोंडात धरायची. सात आठवडे. वर्गातल्या मुली पाचवीत गेल्या, मी राहिले. आणि एवढं करूनही शेवटचं दोन बोटांचं आखडणं गेलं नाही. "नशीब," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. "देवाची इच्छा," आई म्हणाली. वडिलांनी जन्मात एकदा आवाज चढवला आणि ठरवून टाकलं की कॅलिपर घरात येईल, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. आई मान खाली घालून कबूल झाली. तेव्हापासून मी पुढच्या खोलीत टेबलावर एकटी जेवू लागले. सगळी आत पंगतीला, मी बाहेर.

नवीन कॅलिपर अण्णांनीच केला. दुसरं कोण करणार? मी त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसे. ते माप घ्यायचे, मी भिंतीकडे बघायची. शेवटचा टाका घालायला सुया पुढे केल्या की मी हात मागे बांधून उभी राहायची. ते थोडा वेळ थांबायचे, मग स्वतः घालायचे. सात वर्षं असं चाललं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी बोल म्हणून सांगितलं नाही, हेही खरं.

सतराव्या वर्षी मी कॉलेजात गेले आणि पहिल्यांदा एकटी त्यांच्याकडे गेले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. अण्णा थकलेले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी बुटासाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"ते कॅनव्हासचे पट्टे होते ना तुमच्याकडे?" मी विचारलं. "तेव्हा. आईनं मागितले तेव्हा."

त्यांनी सुई खाली ठेवली. "होते की."

"करता आला असता?"

"दोन दिवसाचं काम."

"आणि तो घातला असता तर गुडघा सुटला असता?"

मला वाटलं आता ओरडतील. घोड्यांचं काढतील, सोवळ्याचं काढतील, माझ्या आईचं काढतील. मी तयारीनंच गेले होते.

"सुटला असता," ते म्हणाले. "सगळा. तेव्हा स्वल्पच होता."

"मग का नाही केलात?"

"राग आला."

"कुणाचा?"

"तुझ्या आईचा." चष्मा काढून ते पुसत बसले. "आमचा बाप खोगीर घेऊन जायचा तर गोरे साहेब लोक आत ये, दाखव म्हणायचे. आपलीच माणसं व्हरांड्यात बसवायची. ते तिच्यावर काढलं. तिच्यावर म्हणजे तुझ्यावर. तुला बुटात घालायचं सोडून मी भांडत बसलो. ते माझंच चुकलं, ताई."

मला ते ताई म्हणाले. आजवर मी नुसती 'पोरी' होते. मला रडू आलं आणि मी बाकड्यावर गेले नाही. तिथेच उभ्यानं रडले. त्यांनी मला बाहेर जा म्हणून सांगितलं नाही. आणि एवढं होऊनही माझा राग काडीभर कमी झाला नाही. चूक कबूल केली म्हणून गुडघा सरळ होत नसतो. मी बूट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "गादी आवळून द्या."

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याशी उभी राहून तिला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ताटातला एक खडा बाजूला टाकला आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? त्या माणसाचंच चुकलं. आता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं ना?"

"केलं," मी म्हणाले. "आता तू कर."

तिचा हात ताटातच राहिला. मला वाटलं ती उठून देवघरात जाईल. तशी ती नेहमी जायची. पण ती बसून राहिली. मग खालच्या मानेनं, ताटाकडेच बघत म्हणाली, "आत ये. जेवायला वाढते."

"बूट घालून?"

ती उठली. पुढच्या खोलीतलं माझं स्टूल तिनं दोन्ही हातांनी उचलून आणलं, देवघराला लागून असलेल्या भिंतीशी ठेवलं आणि ते पदरानं पुसलं. मी उंबरा ओलांडला. लोखंड फरशीवर वाजलं. स्टुलावर बसून मी गुडघ्याची कडी ओढली. तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली, मी पुरती जेवून होईपर्यंत. माझं चुकलं, असं ती पुढेही कधी म्हणाली नाही.

भात, आमटी, वर तूप. मी सगळं खाल्लं. चव कशाचीच लागली नाही, इतका राग होता अंगात, तिच्यावर आणि त्यांच्यावर. पण दुसऱ्या दिवशीही मी तिथेच जेवले.